नरकासुराच्या पोटात

त्या वर्षी आमच्या गल्लीचा नरकासुर
मान हलवत नव्हता, जीभ काढत नव्हता,
खालच्या बाजारातल्यासारखा नाकातून धूर सोडत नव्हता.
आमच्याकडे होते दोन टॉर्च
आणि मी.
गल्लीतली सगळ्यात बारीक पोर, साडेआठ वर्षांची.
"हिका घाला भितर," बाबल म्हणाला,
आणि माझं लग्न ठरावं तशा सगळ्यांनी माना डोलावल्या.

पंधरा दिवस दारोदार फिरलो होतो.
रोजामावशीनं दिली नवऱ्याची आखातातून आलेली डांगरी,
नूरुद्दीनच्या चुलत्यानं होडीचा उरलेला हिरवा रंग,
दिगू मेस्त्रीनं कामट्या,
आजगावकर कंपाउंडरनं आठ आणे
आणि वर एरंडेल पाजायची धमकी.
नरकासुराला त्याचंच नाक आलं.
मुद्दाम नाही. पास्कूचा हातच तसा वळला.
कंपाउंडर बघायला आला,
एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं,
"नाक चुकलां, मेल्यांनू,"
खळीच्या डब्यात बोटं बुडवली
आणि स्वतःचं नाक चाचपत चाचपत
राक्षसाचं नीट करून दिलं.

रात्री अकराला गाडा हलला.
आत पेंढा, नव्या भाताचा, अजून ओलसर,
मानेत, कानांत, चड्डीत.
मैद्याच्या खळीचा आंबूस वास.
वर दोन डोळे, माझ्या दोन हातांत.
बंदरावरचा दिवा मिचकायचा
तशी मी मिचकावत होते:
एक, दोन, अंधार.
एक, दोन, अंधार.

बेंबीच्या जागी भोक ठेवलं होतं, श्वासापुरतं.
त्यातून मला गल्ली दिसली,
रोजचीच,
पण मला घाबरणारी.
सतराच्या पाढ्यासाठी माझा कान पिळणारे
परुळेकर मास्तर दोन पावलं मागे सरले.
रोजामावशीनं छातीवर क्रूस काढला आणि हसत सुटली.
"डोळे मिटता रे तो! जिवंत आसा!"
आणि माझ्या पोटात,
म्हणजे त्याच्या पोटात,
गुदगुल्या झाल्या.

मग आई आली.
हातात कंदील, बोटांना खवलेल्या खोबऱ्याचा चुरा.
"आमचां चेडू खंय दिसलां?"
बाबल आभाळाकडे बघायला लागला.
ती गाड्यासमोर थांबली. अगदी समोर.
वर मान करून तिनं नरकासुराच्या डोळ्यांत बघितलं.
मला मिचकावता येईना.
हाक मारता येईना.
राक्षसानं आई कशी म्हणायची?
डोळे तसेच जळत राहिले,
सेल संपतील असं वाटेपर्यंत.
मग ती म्हणाली, त्याला की मला,
"जाळुच्या आदी घराक ये."

चारला तिठ्यावर त्यांनी मला ओढून काढलं.
पास्कूनं रॉकेल ओतलं.
आधी डांगरी पेटली, मग छाती,
मग मी बसले होते ती जागा,
आतून लाल, आणि मोकळी.
नाक सगळ्यात शेवटी.
कंपाउंडर तोवर तिथंच उभा.

तुळशीपुढे डाव्या अंगठ्याखाली कारीट फुटलं.
गोविंदा म्हटलं, कडू रस जिभेला लावला.
आईनं माझ्या केसांतला पेंढा काढला, काडी काडी.
विचारलं काहीच नाही.
तेल मात्र जरा जास्तच रगडलं.
मग चावदिसाचे पोहे, घरोघर,
तिखट, गोडे, ताकातले, काळ्या वाटाण्याची उसळ,
आणि प्रत्येक घरी तेच, काल तो कसा बघत होता!
मी तोंडात मावतील तेवढे पोहे कोंबून गप्प.

गेल्या दिवाळीत पास्कूचा फोन आला वेंगुर्ल्याहून.
आता मोटर बसवतात म्हणे,
मान गरागरा फिरते, डोळ्यांना रिमोट.
बक्षीस पण मोठं आहे, पंचवीस हजार.
मी विचारलं, आत कोण असतं?
तो जरा थांबला.
मागे कुठेतरी ढोल वाजत होता.
"भितर?" म्हणाला,
"भितर कोण नसता गो आता."